दोघांनीच कनूतून मूसच्या शिकारीला जायचं तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅनडातल्या ब्रॅम्प्टनला राहणारं एक मराठी जोडपं गेले काही उन्हाळे अल्गोन्क्विन या राखीव जंगलात कनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची हलकी, अरुंद होडी, घेऊन तंबूत राहतंय. दोघांनी शिकारीचं प्रशिक्षण पूर्ण केलंय, बंदुकीचा परवानाही दोघांकडे आहे. आता ऑक्टोबरात वायव्य ऑन्टारिओत, मोटरबोट नाही, गाईड नाही, असं दोघांनीच आठवडाभर मूसच्या, म्हणजे इथल्या प्रचंड आकाराच्या हरणाच्या, शिकारीला जायचंय. जमेल का, आणि तयारी कशी करायची?

जमतं. मी आणि माझा नवरा थंडर बे शहराच्या उत्तरेला बरीच वर्षं असेच जातो. पण दादा, तुम्ही जी यादी पाठवलीय तिच्यात रायफल, दुर्बीण, मूसला बोलवायचा भोंगा हे सगळं वर आहे आणि मांसाबद्दल शेवटी एकच ओळ आहे. मी ती यादी उलटी करून लिहीन. मूस पाडणं हे या मोहिमेतलं एका मिनिटाचं काम. त्यानंतर दोन माणसं, एक कनू आणि जंगलात पडलेलं एक प्रचंड जनावर एवढंच उरतं. मार्ग, तारीख, तंबूची जागा, गोळी झाडायची की नाही, हे सगळं त्या मांसावरून मागे मागे येत ठरवायचं.

आधी गणित करू. पूर्ण वाढलेला नर साधारण ४५० ते ५०० किलोचा असतो, काही त्याहून मोठे. कातडं, डोकं, कोथळा, खूर, हाडं सगळं वजा केलं की स्वच्छ मांस २०० किलोच्या आसपास हाती येतं. हाडासकट मागची एक तंगडीच साठेक किलो भरते. तुम्ही दोघं मिळून समजा १४० किलो, आणि तंबू, चूल, अन्न, दोर, कपडे, रायफल मिळून आणखी ८०. हे सगळं १७ फुटी कनूत एका वेळी घातलं तर तिचा काठ पाण्याला टेकायला येतो. कंपन्या कनूवर वजनाची जी मर्यादा छापतात तिच्यावर ऑक्टोबरच्या लाटांत विसंबायचं नसतं. काठ पाण्याच्या वर निदान वीतभर राहिला पाहिजे, याच हिशेबाने मी कनू भरते. म्हणजे मूस मिळाला तर परतीच्या दोन खेपा करायच्या, हे घरून निघतानाच धरून चालायचं.

आता त्यात पोर्टेज घाला, म्हणजे कनू आणि सामान पाठीवर घेऊन जमिनीवरून चालायचा टप्पा. दोन तळ्यांमधली फक्त ५०० मीटरची पायवाट समजा. २०० किलो मांस म्हणजे २५ किलोची आठ ओझी, माणशी चार. कनू आणि सामान धरून माणशी सहा खेपा. सहा वेळा ओझं घेऊन जायचं आणि पाच वेळा रिकाम्या हाताने परत यायचं, म्हणजे साडेपाच किलोमीटर चाल, त्यातली तीन पाठीवर ओझं घेऊन, तीही ओल्या शेवाळावरून आणि आडव्या पडलेल्या झाडांवरून. असं एक पोर्टेज दोघांना एका दिवसात झेपतं. तीन पोर्टेज असतील तर मांस खराब व्हायच्या आत तुम्ही गाडीपाशी पोचणार नाही. उन्हाळी फिरायला तुम्ही पाच-सहा पोर्टेजचा सुंदर मार्ग शोधत असाल. शिकारीसाठी असा मार्ग शोधा ज्यात गाडी लावायची जागा आणि शिकारीचं तळं यांच्यात पोर्टेज नाही, किंवा असलंच तर एक आणि आखूड. संथ वाहणारी, वळणावळणाची नदी सर्वांत उत्तम. तिच्या काठच्या दलदलीत मूस असतात आणि प्रत्येक वळणामागे तुम्हाला नवा तुकडा बघायला मिळतो. मोठं, उघडं तळं मात्र टाळा. ऑक्टोबरात वायव्येचा वारा सुटला की ते दोन-दोन दिवस ओलांडता येत नाही.

जागेबद्दल एक सांगून ठेवते. तुम्हाला ओळखीचं असलेलं अल्गोन्क्विन बहुतांशी आपल्यासारख्या परवानाधारकांना शिकारीसाठी बंद आहे, आणि क्वेटिको या दुसऱ्या राखीव जंगलात शिकार चालतच नाही. आपण जायचं ते क्राऊन लँडवर, म्हणजे सरकारी मालकीच्या खुल्या जमिनीवर. तिथे कॅनडात राहणाऱ्यांना एका जागी वर्षातून २१ दिवसांपर्यंत फुकट मुक्काम करता येतो. थंडर बेहून आर्मस्ट्राँगकडे जाणाऱ्या ५२७ क्रमांकाच्या रस्त्यालगत, निपिगॉन तळ्याच्या आसपास, लाकूडतोडीच्या जुन्या रस्त्यांवरून अशा कितीतरी नद्यांपाशी कनू उतरवता येते. त्या रस्त्यांवर पेट्रोलची सोय धरू नका, दोन सुटी टायरं बरोबर असू द्या. आणि ही जमीन रिकामी नाही हे लक्षात असू द्या. सुपीरियर तळ्याच्या उत्तरेचा हा मुलूख १८५० च्या रॉबिन्सन-सुपीरियर कराराखाली येतो, त्यापलीकडचा १९०५ च्या करार क्रमांक ९ खाली. अनिशिनाबे या इथल्या मूळ रहिवाशांचा इथे शिकारीचा हक्क आहे आणि त्यांना आपल्यासारखा टॅग, म्हणजे मूस मारायची वेगळी परवानगी-चिठ्ठी, लागत नाही. कनू उतरवायच्या जागी त्यांची गाडी किंवा तंबू दिसला तर थांबा, ओळख करून घ्या, तुम्ही कुठे जाणार ते सांगा, आणि ते ज्या खाडीत बसणार असतील ती सोडून द्या. मूसबद्दल मला जे थोडंबहुत कळतं त्यातलं बरंचसं अशा गप्पांतून आलेलं आहे. बर्चच्या सालीचा भोंगाही त्यांचाच.

नियमांकडे वळू. परवाना असणं आणि मूस मारायचा टॅग असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तुमच्या पत्रावरून पुरतं स्पष्ट झालेलं दिसलं नाही. ऑन्टारिओत २०२१ पासून टॅग गुणांच्या पद्धतीने मिळतात. दर वर्षी अर्ज करायचा, मिळाला नाही तर गुण साठत जातात, आणि ज्या विभागाला मागणी जास्त तिथे जास्त गुण लागतात. नर, मादी किंवा पाडस, आणि नुसतं पाडस असे टॅग वेगवेगळे. दोघांपैकी एकाच्याच नावावर टॅग असला तरी दोघांना मिळून शिकार करता येते, फक्त दोघांकडे मूसचा परवाना हवा आणि दोघं एकमेकांच्या संपर्कात हवेत. त्याचं अंतर, तारखा आणि विभागांच्या सीमा दर वर्षीच्या अधिकृत नियमपुस्तिकेतून स्वतः वाचा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका, माझ्याही नाही. शिकारीची वेळ सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. बाकी वेळ बंदूक रिकामी आणि पेटीत. बंदुकीच्या हंगामात कमरेच्या वरच्या अंगावर निदान ४०० चौरस इंच नारिंगी कपडा आणि डोक्यावर नारिंगी टोपी सक्तीची आहे. पोहणाऱ्या मूसवर गोळी झाडणं गुन्हा आहे. मूस पडल्याबरोबर, हात लावायच्या आधी, टॅगवर तारीख-वेळेच्या खाचा कापायच्या. नर की मादी याचा पुरावा मांसाबरोबर ठेवायचा. आणि हंगाम संपल्यावर काही मिळालं नसलं तरी अहवाल भरायचाच. मांस वाया जाऊ देणं हासुद्धा गुन्हा आहे, आणि या एका नियमाबद्दल मला विशेष आदर आहे.

तारीख कोणती निवडायची? मूसचा माजाचा काळ सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालतो, आणि सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा हा त्याचा भर. बहुतेक विभागांत तेव्हा धनुष्यबाणाचा हंगाम असतो आणि बंदुकीचा ऑक्टोबरात सुरू होतो. दूर उत्तरेकडे तो आधी उघडतो. बंदुकीचा हंगाम उघडल्यानंतरचे पहिले आठ-दहा दिवस तुमच्यासाठी योग्य. नर अजून हाकेला येतो आणि रात्री थंडी शून्यापाशी उतरते, जी मांसासाठी हवीच असते. टॅमरॅकची झाडं तेव्हा सोनेरी झालेली असतात, डास-माश्या जवळजवळ संपलेल्या असतात, आणि थंडर बेच्या परिसरात सूर्य सकाळी आठच्या सुमाराला उगवून संध्याकाळी सव्वासातला मावळतो. म्हणजे झोप पुरेशी मिळते. सात दिवसांची मोहीम असेल तर अन्न नऊ दिवसांचं घ्या आणि कामावर रजाही तशीच टाका. रजा संपत आली म्हणून वाऱ्यात तळं ओलांडायला निघालेली माणसंच बुडतात.

बोलावण्याबद्दल लोक फार गूढ बोलतात. मूसची नजर बेताची, पण कान आणि नाक विलक्षण. शांत, गारठलेल्या पहाटे मादीची हाक कित्येक किलोमीटर जाते. ती लांब, कण्हल्यासारखी, शेवटी खाली उतरणारी हाक असते. नाक चिमटीत धरून घशातून काढायची आणि भोंगा पाण्याकडून झाडांकडे हळूहळू फिरवत न्यायचा. तेवढी दोन-तीनदा दिली की गप्प बसायचं. वीस मिनिटं, अर्धा तास काहीही करायचं नाही. मग पुन्हा एकदा, जरा हळू. भांड्याने तळ्यात वरून पाण्याची धार सोडली तर मादी उथळ पाण्यात मुतल्यासारखा आवाज होतो, त्यालाही नर येतो. तो उत्तर देतो ते आखूड, खोल घोगऱ्या हुंकाराने, आणि झुडपांवर शिंगं घासतो. वाळलेलं खांद्याचं हाड किंवा वल्ह्याचं पातं आल्डरच्या झुडपावर घासून तुम्हीही दुसरा नर असल्याचं भासवू शकता. नर बहुतेकदा वाऱ्याच्या खालच्या बाजूने वळसा घालून वास घ्यायला येतो. म्हणून दोघांनी एकत्र बसू नका. हाक देणारा मागे, आणि रायफलवाला वाऱ्याच्या खालच्या अंगाला, शंभरेक पावलांवर, पण कायम एकमेकांच्या नजरेत. एका जागी निदान तीन तास बसायची तयारी ठेवा. उत्तर न देता, पावलाचा आवाज न करता येणारे नर पुष्कळ असतात, आणि तासाभरात कंटाळून उठणाऱ्याला ते जाताना दिसतात.

कनू या कामात मोटरबोटीपेक्षा कितीतरी सरस आहे. वल्हं कनूच्या काठाला न टेकवता चालवलं तर दलदलीत उभ्या मूसच्या पार जवळून जाता येतं. ॲल्युमिनियमची कनू मात्र नको, खडकाला घासली की सगळ्या खोऱ्याला कळतं. कनूतून गोळी झाडण्याबद्दल माझा आग्रह स्पष्ट आहे: झाडू नका. पाण्यावर असताना रायफल रिकामी, पुढे बसणाऱ्याच्या पायाशी बांधलेली. बंदुकीला मॅगझिन लावलेलं असेल आणि त्यात काडतुसं असतील तरी ती भरलेलीच धरली जाते. मूस दिसला की काठाला लागा, उतरा, टेकून बसा, मग भरा. तेवढ्या वेळात तो गेला तर गेला.

आता गोळी. रायफलीच्या काडतुसाचं माप .३०८ किंवा .३०-०६ पुरेसं आहे. वहिनींना धक्का कमी हवा असेल तर ७ एमएम-०८ घ्या, शंभर मीटरच्या आत तेही भरपूर होतं. तांब्याच्या गोळ्या वापरा, शिशाचे कण मांसात उरत नाहीत. नेम पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यापासून मध्यापर्यंत, जिथे दोन्ही फुप्फुसं येतात. मूस पूर्ण आडवा उभा असला पाहिजे. पण त्याआधी चार गोष्टी मनात पक्क्या झालेल्या असाव्या लागतात. तो पाण्यात उभा नाही ना? पाण्यात पडलेला पाचशे किलोचा मूस दोन माणसांना हलवता येत नाही, आणि थंड पाण्यात कंबरभर उभं राहून कापाकापी करणं धोक्याचं आहे. तो कनूपासून किती आत आहे? आमची मर्यादा सपाट जमिनीवर ३०० मीटर, दलदलीत त्याहून कमी. दिवसाचा उजेड किती उरलाय? आणि हवा किती गरम आहे? ऑक्टोबरातही कधीकधी पारा १८ अंशांवर जातो. तशा हवेत आम्ही गाडीपासून दूरच्या खाडीत असू तर रायफल उचलतच नाही. नियमाने परवानगी असलेला, समोर शांत उभा असलेला, उत्तम शिंगांचा नर आम्ही असा सोडलेला आहे, आणि त्याचं वाईट वाटत नाही.

गोळी लागल्यावर मूस बरेचदा काही झालंच नाही असा उभा राहतो, मग चार पावलं टाकतो. तो उभा असेपर्यंत दुसरी गोळी झाडायला तयार राहा. पडला किंवा झाडीत गेला की शेवटचा दिसला ती जागा नजरेने पक्की करा आणि अर्धा तास हलू नका. मागून, पाठीकडून जवळ जा, डोळ्याला लांब काठी लावून बघा.

इथून पुढचे चार-सहा तास सर्वांत महत्त्वाचे. मांस नासतं ते आतल्या उष्णतेने. मूसचं कातडं जाड, केस पोकळ, त्यामुळे बाहेर बर्फ पडत असला तरी मांडीच्या आणि खांद्याच्या हाडाभोवतीचं मांस आतून आंबतं. म्हणून कातडं लगेच उतरवायचं. दोघांना मला वाटतं तो सर्वांत सोपा मार्ग असा: मूस एका कुशीवर असू द्या, पोट फाडू नका. वरच्या बाजूचं कातडं पाठीच्या कण्यापासून खाली सोलून जमिनीवर पसरा, तेच तुमचं स्वच्छ जाजम. वरचा पुढचा पाय काढा. तो नुसत्या मांसाने जोडलेला असतो, सांधा शोधावा लागत नाही. मग मागची तंगडी खुब्याच्या सांध्यातून. मग पाठीचा लांब पट्टा, मानेचं मांस, फासळ्यांमधलं मांस. कण्याच्या आतल्या बाजूचा मऊ पट्टा शेवटी फासळ्यांच्या मागून हात घालून निघतो. मग दोर आणि कप्पी लावून मूस उलटवा आणि दुसरी बाजू तशीच. एक कापत असताना दुसऱ्याने पाय ताणून धरायचा, आणि दर वीस मिनिटांनी सुरीला धार लावायची. घाई केली तर सुरी मांडीत शिरते आणि दवाखाना एक दिवस लांब असतो. आमच्याकडे रक्त थांबवायचा आवळपट्टा दोघांच्याही खिशात असतो, पिशवीत नाही.

प्रत्येक तुकडा सुती, हवा खेळणाऱ्या पिशवीत. प्लास्टिकमध्ये अजिबात नाही. सावलीत, वाऱ्याला, दोन झाडांमध्ये आडवं लाकूड बांधून टांगायचा. काही तासांत वरून कोरडी, काळसर पापुद्र्यासारखी साल धरते. ती राहू द्या, तीच आतलं मांस राखते. दिवसा माश्या आल्या तर खाली ओल्या लाकडाचा धूर करा. कलेजी आणि गुर्दे आपल्याकडच्या लोकांना फार आवडतात, पण मूसच्या कलेजीत आणि गुर्द्यांत कॅडमियम साठतं, म्हणून ते खाऊ नयेत असा इथल्या सरकारचा सल्ला आहे. हृदय आणि जीभ जरूर घ्या. अंगावर बारीक गोचिडी दिसल्या तर घाबरू नका, त्या कातड्याबरोबर जातात, मांसाला काही होत नाही.

रात्रीत सगळं मांस हलवता आलं नाही तर ते कोथळ्याच्या ढिगापासून निदान शंभर मीटर दूर टांगा आणि तंबू त्याहून बराच लांब ठेवा. अस्वल आणि लांडगे तो ढीग शोधतातच. सकाळी परत जाताना मोठ्याने बोलत, वाऱ्याच्या वरच्या बाजूने, उघड्यावरून जा. वहिनींनी वेगळा प्रश्न विचारलाय, त्याचं उत्तर इथेच देते: पाळीच्या रक्ताच्या वासाने काळी अस्वलं येतात ही समजूत १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टिकली नाही. अस्वलांनी त्या वासाकडे जवळजवळ लक्षच दिलं नाही. वापरलेलं सामान कचऱ्याबरोबर बंद पिशवीत घालून अन्नासारखंच दूर टांगा, एवढं पुरे. ज्या वासाची काळजी करायची तो मांसाचा आणि तुमच्या रक्ताळलेल्या कपड्यांचा. ते कपडे तंबूत आणू नका.

पाण्याबद्दल जरा कडक लिहिते. ऑक्टोबरात इथलं पाणी सहा ते दहा अंशांचं असतं. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीस्ब्रेख्त यांनी थंड पाण्यासाठी १-१०-१ असा नियम सांगितलाय: पाण्यात पडल्यावर श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातपाय नीट चालतात अशी दहा मिनिटं, आणि थंडीने शुद्ध हरपायला साधारण एक तास. या सगळ्यात तुम्ही तरंगत आहात हे गृहीत आहे. म्हणून लाइफ जॅकेट अंगावर, नारिंगी जाकिटाच्या वरून बसेल अशा मापाचं, पूर्ण वेळ. अंगातल्या कप्प्यात आगपेटी, शिट्टी आणि सॅटेलाइटवरून संदेश पाठवायचं यंत्र. ते यंत्र दोघांनाही वापरता आलं पाहिजे. भरलेली कनू काठाकाठाने न्या, तळ्याच्या मधून नाही. पहाटे आणि संध्याकाळी वारा पडतो, मांसाच्या खेपा तेव्हाच. मांस तळाशी, मधोमध, आणि बांधलेलं. सुटं वजन लाटेबरोबर सरकलं की कनू पालथी होते. परतीच्या पहिल्या खेपेला मांस आणि थोडं सामान न्यायचं, तंबू-चूल मागे ठेवायची. मध्येच वाऱ्याने अडवलं तर मांस गाडीच्या बाजूला सुरक्षित आणि तुम्ही उबेच्या बाजूला, ही स्थिती सर्वांत बरी.

पोर्टेजवर कपाळपट्टा वापरून बघा. जुन्या काळी फोर्ट विल्यमला, म्हणजे आजच्या थंडर बेला, येणारे फरच्या, म्हणजे केसाळ कातड्यांच्या, व्यापारातले वल्हेकरी याच पट्ट्यावर ४१ किलोचे दोन-दोन गठ्ठे वाहायचे. आपण एकच पंचवीस किलोचा न्यायचा. वहिनी ६० किलोच्या असतील तर त्यांनी वीस. एकाने जास्त उचलून दाखवण्यात काही नाही, गुडघा गेला तर दोघंही अडकतात.

तंबू कापडी आणि आत घडीची लाकडाची चूल असलेला घ्या. उन्हाळी नायलॉनच्या तंबूत ऑक्टोबरची ओली थंडी पाचव्या दिवशी माणसाला गप्प करून टाकते, आणि गप्प झालेली माणसं वाईट निर्णय घेतात. सुकून उभं असलेलं स्प्रूस किंवा जॅकपाइन जळायला उत्तम. वर हवा जायला झरोका उघडा, कार्बन मोनॉक्साइड सांगणारं यंत्र आत, आणि झोपताना चूल विझलेली. खाण्याची आपली परंपरा या कामाला फार सोयीची आहे. थालीपिठाची भाजणी, पिठल्याचं भाजलेलं पीठ, मेतकूट, शेंगदाण्याचा कूट, गूळ, तूप, सुकं खोबरं, लसणाची चटणी: वजन कमी, थंडीत टिकतं, गरम पाणी मिळालं की पोटभर. सकाळी अंधारात बाहेर पडताना खिशात गूळ-शेंगदाण्याचे लाडू ठेवा. आदल्या दिवशीच्या हृदयाचे पातळ काप तुपात, कांदा-मिरीवर परतले की त्याबरोबर काही लागत नाही.

दोघांच्या नात्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मला ते महत्त्वाचं वाटतं. आमच्यात एक करार आहे: दोघांपैकी कुणीही, कुठल्याही क्षणी "नको" म्हणू शकतं. तळं ओलांडायला नको, गोळी नको, आज बाहेर पडणं नको. त्याचं कारण तिथे मागायचं नाही, संध्याकाळी चुलीपाशी बोलायचं. एकाने "नको" म्हटलं की दुसऱ्याने दुसऱ्यांदा विचारायचं नाही. वहिनी मूस मारायला तयार आहेत पण सोलायला नाही, असं तुम्ही लिहिलंय. मग त्यांना निघायच्या आधीच, शेळीचं किंवा हरणाचं अख्खं धड खाटकाकडे जाऊन फोडताना बघू द्या, हात लावू द्या. त्यानंतरही नको वाटलं तर ही मोहीम दोघांची नाही, तुमच्याबरोबर आणखी दोन माणसं आणि दुसरी कनू हवी. हे तळ्याकाठी संध्याकाळी सातला कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. आणि दोघांनाही एकट्याने कनू चालवून गाडीपर्यंत जाता आलं पाहिजे, रायफल रिकामी करता आली पाहिजे. मागे बसणारा नेहमी तुम्हीच असाल तर या उन्हाळ्यात जागा बदला.

भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद झाली, आणि ती बंद होणं योग्यच होतं. तुमच्या आईंना हे सांगायचं कसं, असं वहिनींनी लिहिलंय. मी माझ्या घरी एवढंच सांगितलं की इथे किती मूस आहेत ते सरकार हवेतून मोजतं, त्यावरून टॅग ठरतात, आणि आम्ही वर्षभर जे मांस खातो ते कुठून आलं हे आम्हाला ठाऊक असतं. सगळ्यांना पटलं नाही. ज्यांना पटलं नाही त्यांच्यासमोर फोटो काढत नाही.

घरी आल्यावर मांस दोन-चार दिवस चार अंशांखाली लटकू द्या, मग कापून, घट्ट गुंडाळून फ्रीजरला. जंगली मांस विकता येत नाही, पण वाटता येतं, आणि २०० किलोत वाटण्यासारखं खूप असतं. मूसला चरबी नसतेच म्हटलं तरी चालेल, त्यामुळे मटणासारखं नुसतं परतत ठेवलं तर चिवट होतं. मांडीचं मांस दह्यात रात्रभर ठेवून, कांदा-खोबऱ्याच्या वाटणात, वरून तूप घालून कुकरला लावा. पाठीचा पट्टा मात्र मसाल्यात बुडवू नका, जाड काप करून दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं, मीठ-मिरी, बस.

या वर्षी तुमच्याकडे टॅग नाही, आणि माझ्या मते ते चांगलंच आहे. निवडलेल्या नदीवर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तसेच जा, सगळं तेच सामान घेऊन, छोट्या शिकारीच्या परवान्यावर ग्राऊस पक्ष्यापुरती बंदूक घेऊन. त्यासाठी तारखा आणि नारिंगीचा नियम आधी तपासा. कापडी तंबूत सहा रात्री काढा. एका दिवशी वीस-वीस किलो वाळूच्या पिशव्या भरून तुमच्या पोर्टेजवरून खरोखर आठ ओझी वाहा आणि घड्याळ लावा. मूसची पावलं, घासलेली झुडपं, कोरडा काठ, मांस टांगायला योग्य झाडं, वाऱ्यात अडकलात तर थांबायच्या जागा, हे सगळं १:५०,००० च्या नकाशावर पेन्सिलीने मांडा. मग वसंतात अर्ज उघडले की त्याच विभागासाठी अर्ज करा, आणि नकाशाचा फोटो मला पाठवा. कुठल्या खाडीत बसू नये ते मी सांगेन.